शब्द टाकून ठेवलाय

खिशात पैसे नसताना काम शोधायला निघू नये, परवडत नाही. पुण्यात एक उन्हाळा काढून सांगतोय. फॉर्म फुकट असतो, पण त्यावर चिकटवायचा पासपोर्ट साइझ फोटो फुकट नसतो. मुलाखतीला पैसे पडत नाहीत, तिथवर नेणाऱ्या पीएमपीला पडतात. धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचावं तर "साहेब जेवायला गेलेत, दीड तासाने या" असं कळतं. मग खाली टपरीवर जो चहा होतो तोही आपल्याच खिशातून. या सगळ्यात नोकरी देणाऱ्याचा एक छदामही खर्च होत नाही. तो फक्त "कळवतो" म्हणतो. कळवायला मात्र पैसे पडत असावेत, कारण कळवत कुणीच नाही.

मी बार्शीचा. पुण्यात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. म्हणजे खोली मालकांची, पंखा सगळ्यांचा आणि कॉट तेवढी आपली. सुट्टीत गावी गेलं तर मेसचे पैसे वाचतात हे खरं, पण कॉटचं भाडं थांबत नाही. ते न भरता गेलं तर जूनमध्ये परत येईपर्यंत आपल्या कॉटवर कुणीतरी एमपीएससीवाला झोपलेला असतो, आणि एमपीएससीवाल्याने एकदा कॉट धरली की तीन-चार वर्षं तो ती सोडत नाही. तेव्हा म्हटलं, भाडं द्यायचंच आहे तर इथेच राहून चार पैसे मिळवू. जूनची फी निघेल. मोबाइल नवा नाही आला तरी जुन्याची फुटकी काच बदलून होईल.

आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "काम करायलास ते चांगलंय रे, पण जेवायलास का नीट?" आमच्या घरातल्या सगळ्या आर्थिक चर्चा या प्रश्नापाशी येऊन संपतात. मागून वडिलांचा आवाज आला, "कोथरूडच्या मामाला फोन लाव म्हणावं. त्याच्या लई ओळखी आहेत."

कोथरूडचे मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. बँकेतून निवृत्त झालेत, पण बोलताना अजून काउंटरच्या पलीकडे बसल्यासारखे बोलतात. मी गेलो, पाया पडलो. मामा म्हणाले, "अरे, आधी नाही का सांगायचंस? आता मार्च एंड झाला. असू दे. मी शब्द टाकतो." मामींनी पोहे दिले. आपल्याकडे नोकरीची बोलणी अशीच सुरू होतात आणि पुष्कळदा पोह्यांच्या बशीबरोबरच आत जातात. मामांनी शब्द नक्की कुणाकडे टाकला, तो कुठे पडला, कुणी उचलला का, हे विचारायची रीत नाही. पुढे महिनाभर मी फोन केला की मामा म्हणत, "टाकून ठेवलाय." गुंतवणूक असावी तसं. पिकायला वेळ लागणार.

तोवर मी आपल्या पायांनी हिंडायला लागलो. उन्हाळ्याचं काम मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती महिने येणार?" याचं खरं उत्तर विद्यापीठाला माहीत असतं, आणि तेही विद्यापीठाला शेवटच्या आठवड्यात कळतं. आधी वेळापत्रक लागतं, मग सुधारित वेळापत्रक, मग एक पेपर कशाने तरी पुढे सरकतो. शेवटचा पेपर आणि पुढच्या वर्षाचे प्रवेश यांच्या फटीत जे काय सापडेल ती उन्हाळ्याची सुट्टी. मी आपलं प्रामाणिकपणे "दोन महिने" म्हणायचो. चपलांच्या दुकानाचे एक मालक म्हणाले, "दोन महिने तर शिकण्यातच जातील." मी भिंतीवरच्या खोक्यांकडे पाहिलं. सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर. यात दोन महिने पुरेल एवढं काय आहे ते मला दिसेना, पण मालक तिथे तीस वर्षं बसलेत, त्यांना दिसत असेल.

आमच्या खोलीतला वडीलधारा म्हणजे एमपीएससीवाला दादा. पूर्व, मुख्य, मुलाखत या सगळ्या पायऱ्यांवरून तो खाली आलेला असल्यामुळे त्याच्या सल्ल्याला वजन आहे. तो म्हणाला, "येड्या, दोन महिने कुठं सांगतोस? कायमचा येणार म्हणायचं. जूनमध्ये आजी आजारी पाडायची, आणि गावाला जायचं म्हणून सुटायचं." माझी आजी रोज सकाळी चालत भगवंताच्या देवळात जाऊन येते आणि वाटेत दोघीतिघींची भांडणं सोडवते. तिला आजारी पाडायला माझी जीभ रेटेना. शिवाय दादाने सांगितलेला हा उपाय खोलीतल्या सगळ्यांनी वापरून झाला होता. त्या भागातल्या दुकानदारांच्या मते मराठवाडा आणि सोलापुरातल्या एकूण एक आज्या जूनच्या पहिल्या आठवड्यात अंथरूण धरतात.

आमच्या घरमालकांचं म्हणणं वेगळंच. रोज संध्याकाळी ते जिन्यात उभे राहून कुणाच्या खोलीत दिवा जळतोय ते बघतात आणि सापडेल त्याला शिक्षणाचा इतिहास ऐकवतात. पूर्वीची मुलं माधुकरी मागून, वार लावून शिकली. आगरकर एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालत. माझ्याकडे तीन होते, त्यामुळे मी खाली मान घालून ऐकायचो. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, सह्याद्री ओलांडून! "आणि तुम्ही? डेक्कनला जायला रिक्षा!" रिक्षाने मी कधीच गेलो नव्हतो, पण मालकांच्या वाक्यात रिक्षा लागतेच.

या गोष्टीचा पुढचा भाग मालक सांगत नाहीत. तो मी अभ्यासिकेत वाचला. कर्वे एवढे चालून साताऱ्याला पोचले, तर तिथल्या साहेबांनी 'हा सतरा वर्षांचा दिसत नाही' म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. वाचल्यावर अण्णासाहेब मला एकदम आपले वाटायला लागले. म्हणजे हे पूर्वापार चालत आलंय! पदरमोड करून जायचं, दारात उभं राहायचं आणि माणसाने आपल्या तोंडाकडे बघून "अंहं" म्हणायचं. पुढे 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं ते खरं, पण त्या दिवशी साताऱ्यात उभ्या असलेल्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सरकारचं काही आहे का, तेही पाहिलं. 2024 साली राज्याची युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6,000, पदवीधराला 10,000. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणतात. मी भाऊ होतो, लाडकाही होतो, निदान आईचा. पण अट अशी की ज्याचं शिक्षण चालू आहे तो चालत नाही. त्याच वर्षी केंद्राची इंटर्नशिप योजना आली, मोठमोठ्या कंपन्यांत वर्षभर, महिना 5,000. तिथे वय 21 ते 24 हवं होतं आणि पूर्णवेळ शिकणारा नको होता. म्हणजे आधी शिक्षण सोडा, मग शिक्षणासाठी पैसे मिळवा. उरली ती 'कमवा आणि शिका'. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ही योजना कॉलेजा-कॉलेजांत चालते. पोरं बागेत पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, तासाप्रमाणे पैसे मिळतात. उत्तम योजना. पण आमच्या कॉलेजात ती कॉलेज चालू असतानाच असते. मेमध्ये बाग सुकली तरी चालते.

दादा म्हणाला, "आधी रेझ्युमे कर." टिळक रोडच्या मागच्या बोळात डीटीपीचं एक दुकान आहे. तिथला माणूस लग्नपत्रिका, दशक्रियेचे कागद आणि रेझ्युमे एकाच चेहऱ्याने करतो. त्याने एक जुनी फाइल उघडली, वरचं नाव खोडलं आणि माझं घातलं. मग विचारलं, "अनुभव?"

"नाही."

"काहीच नाही? गणपतीत मंडळात होता का?"

"वर्गणी मागायचो."

"मग लिहितो, निधी संकलन. छंद?"

"तसे काही नाहीत."

"वाचन, प्रवास, क्रिकेट. भाषा?"

"मराठी, हिंदी. इंग्रजी वाचता येतं."

"लिहिता, वाचता, बोलता, तिन्हींवर टिक करतो. विचारलं तर घसा बसलाय म्हणा."

एवढं करूनही अर्धंच पान भरलं. अर्धं पान बरं दिसत नाही म्हणून त्याने अक्षर मोठं केलं, समास वाढवले, आणि वर 'आव्हानात्मक वातावरणात संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' हे माझं ध्येय घातलं. प्रिंट हातात आल्यावर पाहिलं तर वडिलांच्या नावासमोर कुणा दुसऱ्याच्याच वडिलांचं नाव होतं. ते बदलून घेतलं. दुसऱ्या प्रिंटचे पैसे वेगळे.

विजेच्या खांबांवर आणि बसथांब्यांवर मात्र कामांना तोटा नाही. 'विद्यार्थी, गृहिणी, निवृत्तांसाठी सुवर्णसंधी! घरबसल्या टायपिंग करा, दरमहा 25,000 कमवा.' एका ठिकाणी गेलो. एसी, काचेचं टेबल, टायवाला माणूस. त्याने सगळं समजावलं. नोंदणी शुल्क एवढं, ते 'रिफंडेबल'. पानं टाइप करून द्यायची, अचूकता 98 टक्के हवी. मी म्हटलं, "शुल्क पहिल्या पगारातून कापून घ्या ना." त्याचा चेहरा असा पडला, जणू मी एसीची वायरच ओढून काढली. आमचा नांदेडचा रूममेट तिथेच उधार काढून पैसे भरून आला होता. त्याने रात्र रात्र जागून पानं टाइप केली. निकाल लागला 97 टक्के. वर वकिलाच्या नावाने एक पीडीएफ आली की करार मोडल्याबद्दल एवढी एवढी भरपाई द्या. घाबरून त्याने जेवण टाकलं. एमपीएससीवाल्या दादाने ती पीडीएफ शांतपणे वाचली आणि म्हणाला, "या नोटिशीत चौदा चुका आहेत. यांचीच अचूकता मोज." त्या दिवशी पहिल्यांदा दादाचा अभ्यास कुणाच्या तरी उपयोगी पडला.

घरपोच खाणं पोचवण्याचं काम बरं, असं सगळे सांगतात. त्याला बाइक लागते, लायसन लागतं, स्मार्टफोन लागतो, वर पिशवीचे आणि टी-शर्टचे पैसे कंपनी आधी घेते. माझ्याकडे बाइक असती तर मी ती विकून फीच भरली नसती का? सीएच्या एका ऑफिसात विचारलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' करावंच लागतं, त्यामुळे अशा ऑफिसांना पोरांची कमी नाही. टॅलीत एंट्र्या करायच्या, फायली लावायच्या, बँकेत जायचं. "स्टायपेंड?" म्हणून विचारलं तर सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे, शिकायला मिळतंय. खरं तर आम्हीच पैसे घ्यायला हवेत." मी लगेच बाहेर पडलो. आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर त्यांनी पावती फाडली असती.

शिकवण्या घ्याव्यात तर मे महिन्यात पुण्यातली मुलं एक तर आजोळी असतात नाही तर पोहायला. आमच्याच गल्लीत सुट्टीतला संस्कारवर्ग भरायचा, श्लोक, गोष्टी, सूर्यनमस्कार. चालवणाऱ्या काकूंनी माझी परीक्षा घेतली. पसायदान म्हणून झालं, बरं झालं. मग त्या म्हणाल्या, "आता मुलांना एखादी गोष्ट सांगून दाखव." मी सुरू केलं, "एक राजा शिकारीला जायलावता..." काकूंनी हात वर केला. मुलं संस्कारांबरोबर 'जायलावता'ही घरी घेऊन जातील, आणि फी भरणाऱ्या आयांना ते चालणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्यांनी मला ताक दिलं. पुण्यात नकार गोड बोलून देत नाहीत असं कोण म्हणतं?

शेवटी काम मिळालं ते लग्नात. वाढपी.

याचीही एक मेख आहे. वाढप्याची कमाई पंचांगावर चालते. दादाने सांगितलं, 2024 च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त आला, मुहूर्त आटले आणि पेठांमधली पोरं बसून राहिली. बेकारीची कारणं सांगणारे तज्ज्ञ शुक्राचं नाव घेत नाहीत ही त्यांची चूक आहे. 2025 चा उन्हाळा बरा होता. केटररच्या मुकादमाने आमच्या खोलीच्या दारात उभं राहून नुसत्या उंचीवर माणसं निवडली. रेझ्युमे विचारला नाही. एका वेळचे 400 रुपये आणि जेवण. अट एकच, काळी पँट आणि काळे बूट आपले. माझी पँट निळी होती. काळी घेतली 450 ला. म्हणजे पहिल्या लग्नात मी पन्नास रुपयांच्या तोट्यात वाढलं.

त्यात जेवणाचा घोळ वेगळाच. लग्नात जेवलो म्हणजे मेसचं एक जेवण वाचलं असा माझा हिशेब. पण मेसच्या काकू खाडा धरतात तो सलग चार दिवसांचा. एकेक दिवसाचा खाडा त्यांच्या शास्त्रात बसत नाही. सलग चार दिवस लग्नं मिळावीत म्हणून मी मुहूर्तांची यादी पाठ केली. आमच्या खोलीत लग्नाचं वय कुणाचंच झालेलं नव्हतं, पण भिंतीवर मुहूर्त लिहिलेले होते.

पंगतीत वाढायला लागल्यावर मला माणसं वरून दिसायला लागली. टक्कल, भांग, गजरा, फेटा. खालून कुणी वर बघत नाही. वाढप्याला तोंड नसतं, नुसता हात असतो. मुकादमाने सकाळी शिकवणी घेतली. पानाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. हे कुणीही सांगेल. पण खरी विद्या पुढे होती. "भात वाढताना उभं राहायचं, हवा का म्हणून दोनदा विचारायचं. मठ्ठा तर तीनदा. जिलबी मात्र पळवत न्यायची. 'जिलबी, जिलबी' ओरडायचं मोठ्याने, पण पाय थांबवायचे नाहीत. हाक मारली तर वळायचं, पण पुढच्या पंगतीत." आणि 'नको'चं शास्त्र: पानावर हात आडवा धरून माणूस "नको, नको, अजिबात नको" म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, बोटांकडे बघायचं. बोटं जुळलेली असली तर खरंच नको. फटी दिसल्या तर एक टाकायची. मी आठवडाभरात यात इतका तयार झालो की पुण्यातल्या सज्जनांची बोटं बहुधा उघडीच असतात हे मी शपथेवर सांगू शकतो.

अशाच एका लग्नात, मठ्ठ्याचं भांडं घेऊन निघालो तर तिसऱ्या पानावर कोथरूडच्या मामी. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. शेजारच्या बाईंशी त्यांचं बोलणं चालू होतं, ते त्यांनी जास्तच जोरात चालू ठेवलं. ओळख दाखवली नाही. मात्र मी जिलबी घेऊन आलो तेव्हा हात आडवा आला, बोटं चांगली पसरलेली. मी नात्याला जागून दोन टाकल्या, उभं राहून.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "अरे, हे काय करत बसलास? आपल्याकडे कुणी पंगतीत वाढायला गेलं नव्हतं. चार माणसांत तुझी मामी काय सांगणार? मी शब्द टाकलाय म्हटलं होतं ना?" मी विचारलं, "मग काय झालं मामा त्याचं?" ते म्हणाले, "टाकून ठेवलाय." आईपर्यंतही बातमी गेली. आई म्हणाली, "मामा काहीबी म्हणू दे. लग्नात जेवायला मिळतंय का पोटभर?"

मुहूर्तांच्या मधल्या कोरड्या दिवसांत मला आंब्याच्या गाळ्यावर काम लागलं. मालक राजापूरकडचे. अक्षय्य तृतीयेला गर्दी उसळल्यावर त्यांचा एक पोरगा दुपारी जेवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही, त्या जागेवर मी. काम सोपं दिसतं. पेटी फोडायची, फळ काढायचं, पेंढ्यात अढी लावायची, रोज एकेक उलटून बघायचं. पिवळा झालेला पुढे, गदरा मागे, डाग पडलेला सगळ्यात आत, तो रसाला. पहिल्याच दिवशी मी आंबा बोटाने दाबून बघितला. मालक ओरडले, "मेल्या, दाबू नको! वास घे, देठाशी." एक फळ नाकाला लावून त्यांनी तीन श्वास घेतले आणि "परवा सकाळी" असं सांगितलं. ते परवा सकाळीच तयार झालं.

पण हे सगळं फळाचं. गिऱ्हाईक पिकवणं अवघड. पुणेकर हापूस विकत घेत नाही, आधी त्याची उलटतपासणी घेतो. "रत्नागिरी कशावरून?" 2018 पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. हे मी पाठ केलं होतं, ते म्हणून दाखवायचो. एक आजोबा म्हणाले, "ते मानांकन जिल्ह्याला. या फळाला कुठेय? याच्यावर शिक्का दाखव." कर्नाटकातला हापूस दिसायला तसाच, स्वस्त, आणि खोकं बदललं की रत्नागिरीचा होतो, हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. आजोबांनी डझनभर फळं हुंगली, दोन परत ठेवली, एक बदलून घेतलं, आणि जाताना विचारलं, "साका निघाला तर?" साका म्हणजे वरून सोन्यासारखं फळ आणि कापल्यावर आत पांढरट, चामट गाभा. बाहेरून देवालाही कळत नाही. मी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "निघाला तर परत आणा, दुसरा देतो." आजोबा दोन दिवसांनी आले ते साक्याची अर्धी फोड स्टीलच्या डब्यात घालून. उरलेल्या अर्ध्या फोडीचं काय झालं हे आम्ही विचारलं नाही.

बार्शीहून फोन यायला लागले. "आंबे विकायलास म्हणे?" त्यात थोडी कीव, थोडं कुतूहल. मामा तर गप्पच होते. वाढपी एक वेळ चार भिंतींत असतो, आंबेवाला रस्त्यावर दिसतो. कोथरूडकडून येणारी-जाणारी माणसं बघतील, ही त्यांची अडचण असावी.

मग पाऊस आला. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच वळवाने झोडपायला सुरुवात केली, आणि 26 मेला तर मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात दाखल झाल्याचं जाहीरही झालं. मृगाच्या कितीतरी आधी. एकदा पाऊस पडला की मराठी माणसाच्या मनातून आंबा उतरतो. कालपर्यंत शिक्का मागणारी माणसं गाळ्यावरून छत्री आडवी धरून जायला लागली. पेंढा ओला, फळ भराभर पिकायला लागलेलं. मालक पाटीवरचा भाव रोज खडूने खाली आणत होते. हजाराचे आठशे, आठशेचे सहाशे.

सहाशेची पाटी लागली त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज पोह्यांच्या वेळचा.

"काय रे, बरंय ना? मामी म्हणत होती, बरेच दिवसांत आला नाहीस. बरं ऐक. भाव उतरलेत असं पेपरात वाचलं. दोन पेट्या हव्या होत्या. खरा रत्नागिरी असेल तरच. आणि असं बघ, तू आहेस तिथे, तर मालकांकडे जरा शब्द टाक."

मी मालकांना सांगितलं की आमचे कोथरूडचे मामा आहेत, त्यांना दोन पेट्या पाहिजेत, काही कमी होईल का. मालक पावसाकडे बघत बसले होते. त्यांनी विचारलं, "सख्खे?"

"नाही. आईचे मावसभाऊ."

"मग डझनामागे पन्नास कमी. सख्खे असते तर शंभर केले असते. आणि रोख सांग. पेटी इथे उघडून हुंगत बसायचं नाही."